राक्षस की बाबा

— नाही, कळलं मला, ताई, सगळं कळलं. मी बोलायचं, तुम्ही काचेपलीकडून नुसती मान हलवायची, कारण तुमचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये मिसळता कामा नये. बाहेरच्या सिस्टरनी दोनदा सांगितलं. लाल दिवा लागला की सुरू. एक दोन, एक दोन, मागे ऐकू येतंय का — हे आपलं सवयीनं निघालं हो, माईक समोर आला की निघतंच, चोवीस वर्षांची सवय. अंगठा दाखवलात, म्हणजे येतंय ऐकू. बरं. तीनशे वाक्यं आहेत म्हणे. 'आज हवा चांगली आहे.' 'मला एक ग्लास पाणी हवं आहे.' 'मी थोड्या वेळाने येतो.' कोणी लिहिलीत ही? फार सज्जन माणूस दिसतो, तीनशे वाक्यांत कोणी कुणावर साधं खेकसत नाही. आणि ही वाचून झाली की तुमचा कॉम्प्युटर त्यातनं माझा आवाज गोळा करणार, उद्या सकाळी आठ वाजता डॉक्टर माझ्या गळ्यातली स्वरपेटी काढून टाकणार, आणि मग मी मोबाइलवर टाइप केलं की मोबाइल माझ्या आवाजात बोलणार. असंच ना? वाचतो. वाचतो की. आधी जरा पाणी पितो.

फॉर्मवर व्यवसाय काय लिहिलाय ते बघितलंत ना — लिफ्ट दुरुस्ती. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मी फॉर्मवर लिहीत नाही, लोक उगाच मान वर करून बघतात. मी गातो. डेथ मेटल गातो. — हं, हसलात. हसा हसा, त्यात काय, आमची सासू अजून हसते. लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे ते बोंबलतात ते का? बोंबलत नाही हो. गुरगुरतो. आपले जे स्वरतंतू असतात ना, त्यांच्या वर मांसाच्या आणखी दोन घड्या असतात, त्या थरथरवायच्या, खऱ्या तंतूंना धक्का लागू द्यायचा नाही. नवी पोरं तिथेच चुकतात, खरे तंतू घासत बसतात आणि दोन वर्षांत आवाजाचं वाटोळं करून घेतात. मी नाही चुकलो. मी शिकलो लिफ्टच्या डक्टमध्ये. बारा मजली डक्ट, खाली खड्ड्यात मी एकटा, ग्रीस लावता लावता गुरगुरायचो — काय घुमायचं सांगू. एकदा पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली, लिफ्ट कण्हतेय म्हणून. कंपनीनं मलाच पाठवलं दुरुस्त करायला. गेलो, पाना घेऊन दहा मिनिटं गप्प बसलो, म्हटलं झाली काकू. त्यांनी चहा पाजला. हे माझं शिक्षण.

बँडचं नाव नाही सांगत, तुमची जेवायची वेळ झालीय. चौघंजण आम्ही. गिटारवर मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ — त्याच्यामुळेच बायको मिळाली, त्याच्याच घरी सराव चालायचा आणि ती कानात कापूस घालून चहा आणून द्यायची. बास गिटारवर लांब्या. ड्रमवर हातोडा — हा शाळेत भूमिती शिकवतो, पोरांना वाटतं सरांच्या मनगटाला काहीतरी आजार आहे म्हणून पट्टी असते. पहिला कार्यक्रम केला तेव्हा समोर अकरा माणसं, त्यातली चार आमच्या घरची. मग हळूहळू पन्नास, दोनशे. सहा अल्बम झाले. व्हॅनमध्ये झोपलो, पेट्रोल पंपावर तोंडं धुतली, आणि मरणावर गायलो. किडे, हाडं, सडणं, थडगी, सगळं सगळं गाऊन झालं. एक बाई मुलाखत घ्यायला आली होती, तिनं विचारलं, तुम्हाला मृत्यूची भीती नाही वाटत? लांब्यानं उत्तर दिलं, आम्ही त्याच्याच घरी राहतो. टाळ्या. — आणि परवा इथल्या डॉक्टरांनी नाकातून एक नळी घातली, सुतळीएवढी, आणि मी खुर्चीचा हात धरून रडलो. सिस्टरनी माझा हात धरला. एवढा मोठा बाप्या. हातपाय असे गार पडले होते की त्यांनी बीपी दोनदा मोजलं.

हो, वाचतो. हा बघा, हातात कागद घेतला. पण आधी एक सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल की मी असा का बसलोय. लांब्यानं उत्तर दिलं म्हटलं ना — मी का नाही दिलं? कारण मेहुण्याचा नियम. पहिल्या दिवसापासूनचा. गायकानं लोकांसमोर माणसाच्या आवाजात बोलायचंच नाही. 'धन्यवाद' म्हणायचं तेही गुरगुरून. राक्षस माणसासारखा बोलला की संपला, असं त्याचं म्हणणं, आणि पटलं होतं हो मला, मी काटेकोर पाळलं. त्यामुळे झालंय काय, की चोवीस वर्षं माझ्यासमोर माईक आहे, सहा अल्बम आहेत, व्हिडिओ तर किती ते मोजलेच नाहीत, आणि त्यात माझं एक वाक्य नाही. साधं बोललेलं एक वाक्य नाही. घरचे व्हिडिओ आहेत, पोरीचे, खूप आहेत, पण ते मी काढलेले. आणि रेकॉर्डिंग चालू असलं की मधे आवाज करायचा नाही हे माझ्या इतकं अंगात मुरलंय की पोरगी पहिल्यांदा चालली तेव्हा बायको किंचाळतेय, सासू टाळ्या वाजवतेय, आणि मी श्वास रोखून उभा. मेसेज टाइप करतो. फोनवर हं, हां, येतो. डॉक्टरांनी विचारलं, जुना आवाज आहे का कुठे, मदत होईल. आमच्या साउंडवाल्या काकांना विनवण्या केल्या. त्यांनी जुन्या डिस्क सगळ्या उपसल्या. आठ सेकंद सापडली. 'एक दोन, एक दोन, मागे ऐकू येतंय का.' माझा खरा आवाज जगात एवढाच आहे ताई, आठ सेकंद.

म्हणून हे वाचायचं. कळतंय मला. — नाही, दम लागत नाहीये, पाणी नको. भीती वाटतेय, सरळ सांगतो. मरायची नाही. म्हणजे तीही वाटते, पण ती रात्री वाटते, दिवसा दुसरीच वाटते.

आमची मुलगी आहे सात वर्षांची, मुंगी म्हणतो आम्ही तिला. तीन वर्षांची असताना मी न्हाणीघरात सराव करत होतो, मला वाटलं ती झोपलीय. ती दाराबाहेर उभी होती. मी बाहेर आलो तर भिंतीला चिकटलेली, डोळे एवढे, आणि मला म्हणते, आत कोण होतं? मी म्हटलं, मीच होतो. तर नाही, मानायलाच तयार नाही. रडून रडून ताप आला तिला. मग बायकोनं युक्ती काढली. म्हणाली, आत राक्षस होता, बाबानं त्याला पळवून लावलं, आणि राक्षसाला एकच शब्द म्हणता येत नाही — बाबा. तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे. मी कामावरून आलो की दार वाजवतो, ती आतून विचारते, राक्षस की बाबा? आणि मी म्हणतो, बाबा. मग साखळी निघते. आता ती मोठी झाली, तिला माहीत आहे बाबा काय गातो ते, पोस्टरवर बँडचं नाव काट्याकुट्यांसारखं लिहिलेलं असतं, ते तिला झुडूप वाटतं, तेही ठीक. पण दाराचं तिनं सोडलं नाही. बायको औषधाच्या दुकानात असते सातपर्यंत, मुंगी शाळेतून आली की मी येईपर्यंत अर्धा तास एकटी असते, तर आम्हीही ते मोडलं नाही. आवाज ओळखल्याशिवाय दार उघडायचं नाही. चांगली सवय आहे की.

आणि मागच्या सोमवारी डॉक्टरांनी एका माणसाला माझ्या भेटीला आणलं. पोस्टातला माणूस, दोन वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालेला. मला धीर यावा म्हणून. गळ्याला भोक, त्यात एक छोटी झडप, भोकावर अंगठा दाबला की बोलता येतं. हसतमुख माणूस, शर्टाला छान इस्त्री. त्यानं अंगठा दाबला आणि म्हणाला, काळजी करू नका, सवय होते — आणि ताई, तो आवाज मी ओळखला. तो माझाच आवाज होता. पहिल्या अल्बमचा. खोल, फाटका, ओला. मी जो काढायला दोन वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात बसलो, तो ह्या माणसाला पोस्टाच्या खिडकीवर चौकशीला उत्तर द्यायलाही वापरावा लागतो. तो सांगत होता, घरी गेलो तर कुत्रं दोन दिवस पलंगाखालून बाहेर आलं नाही, आणि हसत होता. मी पण हसलो. काय करणार. पण तेव्हापासून डोक्यात तेवढंच आहे. पंधरा दिवसांनी मी घरी जाणार, दार वाजवणार, ती विचारणार, राक्षस की बाबा. आणि मग माझ्याकडे उत्तर द्यायला कोण असणार आहे?

मोबाइल, बरोबर. मोबाइल म्हणेल बाबा. माझ्या आवाजात. म्हणून तर आलो ना.

गाण्यामुळे नाही झालं, बरं का. सगळे हेच विचारतात. डॉक्टर म्हणाले सिगारेट, दिवसाला वीस, बावीस वर्षं. फक्त कळायला उशीर झाला. आता कळणार तरी कसं, तुम्हीच सांगा. तुमचा घसा बसला तर तुम्ही डॉक्टरकडे जाल, आमच्यात घसा बसला तर लोक पाठ थोपटतात. मागच्या वर्षी माझा आवाज जो काही उतरला ना खाली — मेहुणा म्हणाला, एवढ्या वर्षांत तू असा कधीच गायला नाहीस. सहावा अल्बम त्याच आवाजात केला. सगळीकडे वाहवा. लिहिलं होतं कुणीतरी, गायकाच्या गळ्यात काहीतरी जिवंत आहे. होतंच. आणि रक्ताचं म्हणाल तर आमच्या शेवटच्या गाण्यात मी रक्त ओकतो, ठरलेलं आहे, पोस्टरवरही असतं. मेहुणा घरी बनवतो, साखरेचा पाक आणि लाल रंग, कॅप्सूलमध्ये भरतो, ती मी गालात ठेवतो आणि शेवटच्या ओळीला चावतो. तर खरं रक्त आलं तरी ते पाकातच मिसळून गेलं, कुणाला कळणार? मला नाही कळलं. समोर दोन हजार माणसं हात वर करून ओरडतायत, तोंडात गोड लागतंय आणि — काय कळणार.

बायकोला हेच सांगितलंय. महिनाभरापूर्वी कळलं म्हणून. कारण डॉक्टरांनी तिच्यादेखत विचारलं, रक्त कधीपासून पडतंय, आणि पुढे म्हणाले, चार महिने आधी आला असतात तर नुसत्या किरणांवर भागलं असतं, आवाज राहिला असता. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, एक महिना.

गोड नव्हतं लागलं.

— तुम्ही अशा बघू नका ताई. खारट लागलं. पहिल्याच वेळेला. शेवटच्या ओळीच्या आधी लागलं, मी अजून चावलोही नव्हतो. खाली सगळं लाल आणि लोक वेडे झालेले, हातोडा ड्रममागून हसतोय, त्याला वाटलं मेहुण्यानं नवीन काहीतरी बनवलं. मागे येऊन आरशासमोर तोंड उघडलं तर कॅप्सूल गालात तशीच. अख्खी. एक ओरखडा नाही तिच्यावर. मग संडासात टाकली आणि पाणी सोडलं. बाहेर मेहुणा थांबलेला, मला मिठी मारून म्हणाला, आज काय होतं रे ते. मी म्हटलं, जमून आलं. त्याला पाच महिने झाले. पाच. त्यानंतर नऊ कार्यक्रम केले, आणि नंतर नंतर तर मी कॅप्सूल गालात ठेवतच नव्हतो, खिशात ठेवायचो.

का म्हणजे? घाबरलो म्हणून. दुसरं काय. डॉक्टरकडे गेलो तर तो काहीतरी नाव सांगेल, नाव सांगितलं नाही तोवर ते नाहीच. आणि आवाज इतका सुंदर लागत होता हो. चोवीस वर्षं अकरा माणसांपासून सुरू करून पहिल्यांदा आमचं नाव पोस्टरवर सगळ्यांत वर आलं होतं. मेहुणा रडला होता ते बघून. त्याला काय सांगू, की हा आवाज माझा नाही, आतल्या गाठीचा आहे, ती गातेय आणि मी नुसतं तोंड उघडतोय? अजून सांगितलं नाहीये. त्याला वाटतं वाईट नशीब. रोज डबा घेऊन येतो माझ्यासाठी, बाहेर बाकावर बसलेला असेल बघा आत्ताही.

हे सगळं पुसता येतं ना? पुसाल ना तुम्ही? ह्याची एक कॉपी घरी देतात म्हणे, बायकोकडे. तिनं हे ऐकायला नको. वाक्यं ठेवा, हे काढून टाका. — मान हलवा की. नुसत्या बघताय काय.

बरं, मग आलोच कसा शेवटी, ते नाही विचारलंत. तुम्हाला विचारता येत नाही, मीच सांगतो. तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. कामावरून आलो, साडेचार वाजले असतील, दार वाजवलं. मुंगी आतून म्हणाली, राक्षस की बाबा? मी म्हटलं, बाबा. साखळी निघेना. मला वाटलं चेष्टा करतेय. परत म्हटलं, बाबा आहे गं. तर आतून म्हणाली, खोटं. मी म्हटलं, मुंगे, दार उघड. तर तिनं वरची कडीपण लावली, मला आवाज आला कडीचा. मी जितकं बोलत गेलो तितकी ती रडायला लागली, आतून सांगत होती, बाबा येऊ दे, बाबा तुला पळवून लावेल. मग मी बोलायचं थांबलो. जिन्यात बसलो. बायकोला मेसेज टाइप केला. ती सात वाजता आली, तोवर अडीच तास मी आणि ती दाराच्या दोन बाजूंना, ती रडतेय, आणि मला साधं 'रडू नको' म्हणायची चोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी इथे आलो. रक्तानं नाही आणलं मला, कडीनं आणलं.

हो, वेळ संपत आली, दिसतंय मला, तुम्ही घड्याळाकडे बघितलंत. दहा मिनिटं? दहा मिनिटांत तीनशे नाही व्हायची. राहू दे ती हवा आणि ते ग्लासभर पाणी. मला एकच शब्द द्या. तेवढा चांगला घेऊन द्या. खाली एक रिकामी ओळ आहे ना कागदावर, 'आपले स्वतःचे वाक्य' — तेच म्हणतो. थांबा, घसा साफ करतो. नाही, साफ केला की जास्त खरखर होते. तसंच म्हणतो. टेबलावर टकटक केली तर चालेल? तिला तसं ऐकायची सवय आहे.

दिवा चालू आहे ना? — बाबा. — नाही, थांबा, परत. — मुंगे, बाबा आहे. दार उघड. — अजून एकदा घेतो, हळू आवाजात, हळू आवाजात बरा लागतो. — बाबा आहे गं. आपलाच.

झालं. ऐकवा आता. हेडफोन नको, मोठ्यानं लावा, दाराबाहेरून येतं तसं. लावा ना. मी डोळे मिटतो.

...

परत लावा.

...

नाही. मी आत असतो ना, तर मीही उघडलं नसतं. — बंद करा तो दिवा, ताई. बंद करा म्हटलं ना.